पडल्यानंतर चौदा वर्षांनी: दादाचा एमआरआय, मेमरी टेस्ट आणि मधली सगळी धावपळ

गेल्या आठवड्यात दादाच्या टेस्टिंगचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून झाला आणि फाईल एकदाची पूर्ण झाली, म्हणून हे लिहून काढतेय. दादाला विचारूनच लिहितेय, तो म्हणाला लिही, फक्त दहीहंडीच्या पथकाचं नाव नको. आम्ही सुरुवात केली तेव्हा मराठीत शोधून शोधून थकले होते. डोक्याला मार लागल्यावर लगेच काय करायचं ते सापडतं, पण मार लागून दहा-पंधरा वर्षं झालीत आणि आता माणूस विसरायला लागलाय, चिडायला लागलाय, तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कुठला स्कॅन, किती खर्च, हे कुणी सांगेना.

दादा २०१० च्या दहीहंडीत पडला. लालबागचं पथक, हा चौथ्या थरावर, वय सत्तावीस. आता निदान हेल्मेटचं बोलतात, २०२२ पासून सरकारने गोविंदांच्या विम्याचं काढलं, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. उजव्या अंगावर आपटला, कॉलर बोन मोडलं त्यात प्लेट टाकली, आणि डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये पुढच्या भागात मार आणि थोडं रक्त दिसलं. डोक्याचं ऑपरेशन लागलं नाही. घरी आला तो चालत-बोलत आला, सगळे म्हणाले थोडक्यात वाचला, आणि खरंच वाचला. सरकारी नोकरी, स्टोअर विभाग, तीन महिन्यांनी हजर झाला. लग्न २०१३ ला झालं, म्हणजे वहिनीने पडण्याच्या आधीचा दादा बघितलेलाच नाही. हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं, सांगते.

आम्हाला घरच्यांना बदल कळत होता पण नाव देता येत नव्हतं. आधी हा वाडीतल्या सगळ्यांची कामं अंगावर घेणारा, नंतर सांगितल्याशिवाय उठणार नाही. दोन माणसं एकदम बोलायला लागली की ओरडायचा. सामान आणायला पाठवला तर चारातल्या दोन वस्तू आणणार, आणि यादी खिशातच असायची. आई म्हणायची आळशी झालाय, सासरचे म्हणायचे तापट आहे, ऑफिसात म्हणायचे लक्ष नाही. मग २०२४ च्या मे महिन्यात स्टॉक रजिस्टरच्या नोंदींवरून त्याला मेमो मिळाला, आणि त्याच महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून खाली गेला, घरात लहान मुलगी. त्या दिवशी वहिनीचा मला डोंबिवलीला फोन आला, "ताई, मला आता भीती वाटते यांची, आणि यांच्यासाठी पण."

फॅमिली डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉईड तपासलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू केली, आणि त्यांनीच न्यूरोलॉजीला चिठ्ठी दिली. ही रक्ततपासणी आधी करून जा, कारण मोठ्या हॉस्पिटलात पहिल्या भेटीत तीच लिहून देतात आणि रिपोर्ट घेऊन परत या म्हणतात. बी-१२, टीएसएच (थायरॉईड), साखर, सोडियम, किडनी, लिव्हर, हे सगळं आम्हाला बाहेर दोन हजाराच्या आत झालं.

जूनमध्ये पालिकेच्या हॉस्पिटलात न्यूरोलॉजी ओपीडी. केस पेपर अगदी नाममात्र पैशात निघतो पण रांग सकाळी साडेसातपासून लागते आणि न्यूरोलॉजीचे ठरलेलेच वार असतात, ते आधी विचारून घ्या. आम्ही आठला पोचलो, नंबर आला साडेबाराला, तोपर्यंत दादा दोनदा उठून घरी चालला होता. सोबत दोन माणसं हवीतच, एक रांगेत आणि एक पेशंटजवळ.

रेसिडेंट डॉक्टर तरुण मुलगी होती, इतकी गर्दी असून तिने अर्धा तास दिला. तिने पहिलं विचारलं, पडल्यानंतर बेशुद्ध किती वेळ होता, आणि पडल्यानंतरची त्याची स्वतःची पहिली आठवण कुठली? आम्ही सांगणार होतो की तासाभरात डोळे उघडले होते. पण दादाला विचारलं तर तो म्हणाला, "खिडकीतून ढोल-ताशा ऐकू येत होता, आई म्हणाली गणपती आले." म्हणजे गोपाळकाल्याला पडला आणि आठवण सुरू झाली गणेश चतुर्थीला! मधले नऊ-दहा दिवस तो डोळे उघडे ठेवून होता, आमच्याशी बोलत होता, चहा मागत होता, पण मेंदूत काही साठत नव्हतं. डॉक्टरने सांगितलं की या काळाला फार महत्त्व असतं. चोवीस तासांपेक्षा जास्त गेला तर मार मध्यम किंवा त्याहून मोठा धरतात, आणि सात दिवसांच्या वर गेला तर गंभीर. आम्ही चौदा वर्षं "थोडक्यात वाचला" म्हणत होतो. तुमच्या घरात असं कुणी असेल तर हा प्रश्न आधीच त्यांना शांतपणे विचारून ठेवा, सण, परीक्षा, पगाराचा दिवस असं काहीतरी धरून तारीख काढता येते.

जुन्या डिस्चार्ज कार्डावर जीसीएस १० लिहिलेलं होतं. हा आकडा ३ ते १५ असतो, डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यावरून काढतात, ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही पद्धत दिली. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा खाली गंभीर. म्हणजे कार्डावरून मध्यम आणि आठवणीवरून गंभीर.

मग तिने विचारलं, पडायच्या आधी हा कसा होता? वहिनी गप्प. तिला कसं माहीत असणार. मी सांगायला लागले, पथकाचा हिशोब हाच ठेवायचा, कोण कुठल्या थरावर हे याला तोंडपाठ, आणि सांगता सांगता मला रडू आलं, कारण इतक्या वर्षांत हे असं एकत्र कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून सोबत जाताना पेशंटला आधीपासून ओळखणारं एक माणूस आणि आता रोज सोबत राहणारं एक माणूस, दोन्ही न्या. वहिनीने महिनाभर एका वहीत तारखेसहित लिहून ठेवलं होतं, कधी काय विसरला, कधी कशावरून भडकला, झोप किती. ती वही डॉक्टरने पानं उलटून वाचली. "हल्ली खूप विसरतो" यापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त झाला.

तिथेच मोका नावाची छोटी टेस्ट झाली, मराठीतून, दहा-पंधरा मिनिटांची, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, १०० मधून ७ वजा करत जा वगैरे. ३० पैकी २६ आणि वर ठीक धरतात, दादाला २२. यावरून निदान होत नाही, पुढे बघायला हवं एवढंच कळतं. घोरतो का, दारू घेतो का, मन उदास असतं का, हेही विचारलं, कारण ही सगळी कारणं स्मरणशक्तीवर परिणाम करतात आणि त्यांच्यावर उपचार असतात. गोळ्यांची यादी बघताना तिचं लक्ष फिटच्या गोळीवर गेलं, २०१० ला सुरू झालेली, मध्ये डोस कमी-जास्त झालेला पण चालूच. दादाला फिट कधीच आलेली नाही. तिने ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) सांगितला, आणि नंतर सरांनी, म्हणजे तिच्या वरच्या मोठ्या न्यूरोलॉजिस्टनी, ती गोळी हळूहळू कमी करत नेली, कारण त्या गोळीनेही विचार करायचा वेग मंदावतो. इथे हात जोडून सांगते, अशी गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेच फिट येऊ शकते.

आता एमआरआय. मला वाटायचं सीटी झालाय तर परत स्कॅन कशाला. सीटी ताजं रक्त आणि हाड बघायला चांगला आणि झटपट. पण मेंदूतले बारीक धागे ताणून तुटलेले असतात ते त्यात बऱ्याचदा दिसतच नाहीत, सीटी नॉर्मल आला तरी अशी इजा असू शकते. एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय नावाचा एक प्रकार घेतात, त्यात जुन्या बारीक रक्तस्रावातून उरलेलं लोह काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं, कित्येक वर्षांनीसुद्धा. म्हणून डॉक्टरकडून फॉर्मवर २०१० ची जुनी डोक्याची इजा असं स्पष्ट लिहून घ्या आणि एसडब्ल्यूआय हवं हेही. नुसतं "एमआरआय ब्रेन" असेल तर सेंटरवाले त्यांचं नेहमीचं करून देतील असं आम्हाला सांगितलं गेलं.

पालिकेच्या हॉस्पिटलात दर कमी, अडीच हजाराच्या आसपास सांगितला, पण तारीख मिळाली ऑक्टोबरची. प्रायव्हेटला ३ टेस्लाच्या (म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर साडेनऊ हजार आणि चार दिवसांत. जन आरोग्य योजनेत बसेल का विचारलं तर ओपीडीतला नुसता स्कॅन नाही बसणार म्हणाले. मेमोचं उत्तर द्यायचं होतं, म्हणून आम्ही पैसे भरले. ऑफिसची घाई नसती तर ऑक्टोबरपर्यंत थांबलो असतो, डॉक्टरही म्हणाले होते चौदा वर्षं जुनी गोष्ट आहे, दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही.

पण सेंटरवर अडलं कॉलर बोनच्या प्लेटवरून. धातू कुठला? कागद आणा. ज्या हॉस्पिटलात २०१० ला ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड रूमला गेले तर अर्ज लिहा, जुन्या इनडोअर पेपरचा नंबर द्या, ओळखपत्राची झेरॉक्स, पेशंटचं अधिकारपत्र, परवा या. परवा गेले तर फाईल नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरने रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असं आहे, त्यामुळे चौदा वर्षांनी मागायला गेल्यावर भांडायलाही जागा नाही. शेवटी आईच्या गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली, प्लास्टिकच्या पिशवीत जुनी बिलं सापडली आणि त्यावर इम्प्लांटचा स्टिकर, टायटॅनियम. हाडातल्या प्लेटा बहुतेक चालतात, पण ठरवणार रेडिओलॉजिस्ट. पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर नंबर लावतानाच सांगा. आणि कुठल्याही ऑपरेशनचा स्टिकर फेकू नका.

१९ जुलैला स्कॅन झाला. ताईत, करगोटा, अंगठी, पाकीट, सगळं बाहेर. दादाला डोक्यावर जाळीसारखं बसवतात त्याची आधीच भीती वाटत होती, म्हणून टेक्निशियनने हातात दाबायचा रबरी बल्ब देऊन दोनदा दाबून बघायला लावला, मग शांत झाला. चाळीस मिनिटं, आवाज प्रचंड, कानात बोळे देतात. इंजेक्शन नव्हतं. आधी चहा कमी प्यायला सांगा, मध्ये लघवीला उठता येत नाही. सीडी मागून घ्या, फिल्मवर सगळं येत नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, इंग्रजीत पानभर, आणि तो मी करी रोडच्या ब्रिजवर उभी राहून मोबाईलवर एकेक शब्द शोधत वाचला. ग्लायोसिस, एन्सेफॅलोमलेशिया, अॅट्रोफी. घरी जाईपर्यंत माझ्या मनात दादा संपला होता. ते पाच दिवस, सरांची भेट होईपर्यंतचे, या सगळ्यातले सगळ्यात वाईट. वहिनीला काय सांगायचं कळेना, मी "ठीक आहे" म्हणत राहिले आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

सरांनी स्क्रीनवर लावून दाखवलं. उजव्या बाजूला कपाळामागचा खालचा भाग आणि कानाच्या पुढचा टोकाचा भाग, तिथे जुना व्रण. मार कुठेही लागला तरी या दोन जागी इजा जास्त दिसते, कारण कवटीचा तळ तिथे खडबडीत असतो आणि मेंदू त्यावर घासतो. तिथला मऊ पडलेला भाग म्हणजेच रिपोर्टमधला तो लांबलचक शब्द, एन्सेफॅलोमलेशिया, तो पसरत चाललेला आजार नाही. आणि एसडब्ल्यूआयमध्ये काळे ठिपके, दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्यात पण, म्हणजे धागे तुटल्याच्या खुणा. ते म्हणाले, स्टेशनं बरीचशी शाबूत आहेत, मधली सिग्नलची केबल खराब झालीय, त्यामुळे गाड्या धावतात पण उशिरा, आणि दोन एकदम सोडल्या की गोंधळ. दादा पहिल्यांदा हसला, म्हणाला, "सेंट्रल लाईन."

कपाळामागचा भाग काम सुरू करणं, राग आवरणं, क्रम लावणं हे बघतो, हे सर सांगत होते आणि आई माझा हात घट्ट धरून होती. आळशी, तापट, लक्ष नाही, या तिन्ही शब्दांची जागा स्क्रीनवर दिसत होती. बाहेर आल्यावर ती दादाला काही बोलली नाही, वडापाव घेऊन दिला.

पण सरांनी हेही बजावलं की चित्र बघून माणूस किती काम करू शकतो हे सांगता येत नाही. मोठे व्रण असून नीट नोकरी करणारे असतात आणि स्कॅन जवळपास साफ असून अडलेले असतात. मी वाचून गेलेले सगळे प्रश्न विचारले. डीटीआय करू का? त्यात धाग्यांची दिशा मोजतात, पेशंटचे मोठे गट तपासताना संशोधनात कामाचं, पण एका माणसाबद्दल त्यावरून निर्णय घेत नाहीत. पेट स्कॅन? अल्झायमरसारखी शंका असेल तर, आत्ता नको. बॉक्सर लोकांना होतो तो आजार? तो पुन्हा पुन्हा मार लागणाऱ्यांमध्ये बघतात आणि खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. मग वाढत जाईल का? मोठा मार लागलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे त्यांनी लपवलं नाही, पण धोका म्हणजे होणारच असं नाही, आणि बीपी, साखर, झोप, व्यायाम, पुन्हा डोक्याला मार न लागणं, एवढं आपल्या हातात आहे. २०१० च्या फिल्म नीट असत्या तर तुलना झाली असती, आमच्या एकमेकांना चिकटून खराब झालेल्या. हा एमआरआय आता पुढच्या तुलनेसाठी जपायचा.

काय जमतं आणि काय नाही हे कळायला न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंग, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. मुंबईत असे लोक कमी, त्यात मराठीतून करणारे अजून कमी. सरकारी हॉस्पिटलात स्वस्त पण वेटिंग, आम्हाला जानेवारीची तारीख आली, यावेळी थांबलो. प्रायव्हेटला सहा हजार सांगितले होते. फोनवर पहिलं हेच विचारा की टेस्ट पेशंटच्या भाषेत होणार ना आणि किती शिकलाय ते धरून मार्क देणार ना. भारतात बऱ्याच ठिकाणी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूच्या संस्थेची बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच, वापरतात.

दोन दिवस, दोन-दोन तास. आदल्या रात्री झोप पूर्ण, चष्मा बरोबर, पोटात काहीतरी. घरच्यांना आत सोडत नाहीत. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवून म्हणायला लावतात, मग मध्ये दुसरंच काही करून अर्ध्या तासाने परत विचारतात. आकडे उलटे म्हणा, एका मिनिटात प्राण्यांची नावं, गुलाबी-पिवळ्या गोलांतले आकडे जोडा, आकृती काढा. दादा पहिल्या दिवशी बाहेर आला तो घामाघूम, म्हणाला मला वेड्यात काढतायत. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी बाहेर येऊन त्याला सांगितलं की ही टेस्ट मुद्दाम अवघड असते, कुणालाच सगळं येत नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

रिपोर्टमध्ये मला सगळ्यात काय महत्त्वाचं वाटलं तर हे. अर्ध्या तासाने त्याला पंधरातले चारच शब्द आठवले, पण मॅडमनी शब्द वाचून "हा यादीत होता का?" विचारलं तेव्हा तेरा ओळखले. म्हणजे शब्द आत गेलेत, काढता येत नाहीत. अल्झायमरमध्ये सहसा साठवणच होत नाही, खूण दिली तरी फारसा फरक पडत नाही, इथे पडतो. म्हणजे खूण दिली की जमेल! वेग कमी, एका कामातून दुसऱ्यात जाणं कमकुवत, भाषा आणि सामान्य ज्ञान उत्तम. बाहेरच्यांना काही जाणवत नाही ते यामुळेच, बोलतो झकास.

यासाठी खात्रीची गोळी नाही हे सरांनी सरळ सांगितलं. आठवड्यातून एकदा ऑक्युपेशनल थेरपीला पाठवतात, तिथे रोजची कामं जमवायचा सराव घेतात. घरात बदल केले, गॅसजवळ टायमर, चाव्यांना एकच खुंटी, यादी मोबाईलच्या अलार्मला जोडलेली, त्याच्याशी एका वेळी एकानेच बोलायचं, आणि "विसरलास ना" याऐवजी पहिली खूण द्यायची. गोळी कमी झाल्यापासून दुपारचा पेंगत नाही. राग अजून येतो, पण आता वहिनी मुलीला घेऊन बाहेर गॅलरीत जाते आणि दहा मिनिटांत तो स्वतःच हाक मारतो. वहिनीसाठी आम्ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर वापरला, फुकट आहे, मराठीत बोलतात. सांभाळणाऱ्याकडे कुणी बघत नाही, तिला दोन रात्री नीट झोप लागली तर घर चालतं.

ऑफिसला रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र जोडून उत्तर दिलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २० (४) मध्ये आहे की सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता किंवा पद खाली आणता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. मेमो मागे घेतलेला नाही, पण रजिस्टरऐवजी आवक-जावक दिलंय, एका वेळी एक कागद. पत्रात "विस्मरण" एवढंच नको, काय जमतं तेही लिहून घ्या, दादाच्या साहेबांनी तेच वाचून काम बदललं.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, फॉर्म फेब्रुवारीत भरला. कायद्याच्या २१ प्रकारांत "डोक्याला मार" असं वेगळं नाव नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये कुठला प्रकार निवडायचा ते आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आम्ही सरांना विचारूनच भरला. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर बरेचसे फायदे मिळतात. तपासणी करणाऱ्या मेडिकल बोर्डाची तारीख अजून आलेली नाही, आली की काय विचारलं ते याच्याखाली लिहीन. तोवर पथकातल्या मुलांना एवढं सांगणं आहे की कुणी डोक्यावर पडला तर घरी चालत आला म्हणून फाईल बंद करू नका, सीटीची सीडी आणि डिस्चार्ज कार्डाचे फोटो त्याच दिवशी दोन मोबाईलमध्ये ठेवा.